सातवीत ‘अ-२’ श्रेणी, पण ८२४ भागिले ८ येत नाही. गाडी नेमकी कुठे अडते?

पालक_सातवी

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. समितीने सातवीच्या मुलांना थोडी गणितं आणि पाचवीच्या पातळीचा एक उतारा देऊन पाहिला. गुणपत्रकात बहुतेकांना अ-२ किंवा ब-१ आहे, म्हणजे शंभरात सत्तरच्या वर. प्रत्यक्षात ५२ − ३७ चं उत्तर बऱ्याच जणांनी २५ लिहिलं, ५०० − २३७ चं ३३७ आणि ८२४ ÷ ८ चं १३. उतारा खडाखडा वाचतात, पण काय वाचलंस म्हणून विचारलं की गप्प.

शिक्षक म्हणतात मोबाइल, पालक म्हणतात शिक्षक, आणि पारावर बसलेले म्हणतात परीक्षा बंद केल्या तेव्हाच वाटोळं झालं. मला दोन गोष्टी हव्या आहेत. हे नेमकं कुठल्या इयत्तेत आणि कशामुळे बिघडतं? आणि दिवाळीपर्यंतच्या काळात शाळेत किंवा घरी काय करता येईल? ‘संस्कार कमी झाले’ छापाची उत्तरं बैठकीत भरपूर मिळाली आहेत, इथे नकोत.

---

हातचा_एक

तुम्ही दिलेली तिन्ही चुकीची उत्तरं कामाची आहेत, जपून ठेवा. यातली एकही चूक वेंधळेपणाची नाही. प्रत्येकीमागे एक नियम आहे आणि पोरं तो इमानेइतबारे पाळतायत.

५२ − ३७ = २५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. एककात ७ − २ = ५, दशकात ५ − ३ = २, संपलं. ५०० − २३७ ला तोच नियम लावा: ७, ३, ३, म्हणजे ३३७. तुमच्या मुलांचं उत्तर बरोब्बर तेच आलं. म्हणजे हातच्याची वजाबाकी सातवीत बिघडलेली नाही, दुसरीत ती शिरलीच नाही. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ हे वाक्य पाठ झालं. तो एक म्हणजे दहा सुटे, हे कधी हाताने करून पाहिलं नाही. त्यामुळे वर्षभराने वाक्य विसरलं आणि हाती काहीच उरलं नाही.

८२४ ÷ ८ मध्ये मूल म्हणतं: आठाला आठाने भागलं, एक. दोनाला आठाचा भाग जात नाही, म्हणून चार खाली घेतले. चोवीस, आठ त्रिक चोवीस, तीन. उत्तर १३. भाग गेला नाही तेव्हा वर शून्य लिहायचं राहिलं, कारण वर लिहिलेला पहिला १ म्हणजे शंभर आहे हे माहीतच नाही. त्याला फक्त अंक दिसतात, त्यांची जागा दिसत नाही.

आणखी एक तपासा: ४६ × २३. उत्तर २३० आलं तर समजा की १३८ च्या खाली ९२ एक घर न सरकवता लिहिले आणि बेरीज केली. इथे मला चुकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. चाळीस गुणिले वीसचेच ८०० होतात, तरी २३० लिहून पोरगं निवांत पुढच्या गणिताला लागतं. अंदाज करणं आपल्या शाळांत जवळजवळ शिकवलंच जात नाही.

शाब्दिक उदाहरणांचं दुखणं वेगळं. मुलांना युक्त्या शिकवल्या जातात: ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. आता हे द्या: सरिताकडे एकूण ४५ मणी आहेत, त्यांतले १८ लाल आणि बाकीचे निळे, तर निळे किती? निम्मा वर्ग ६३ लिहील. उदाहरण वाचलं नाही, शब्द शोधला.

निदान करताना आठ उदाहरणं पुरतात: ४७ + ३८, ५२ − ३७, ५०० − २३७, ४६ × २३, ९६ ÷ ४, ८२४ ÷ ८ आणि दोन शाब्दिक. वेळेचं बंधन नको. शेजाऱ्याचं बघून लिहिणार हे धरून आकडे बदलून दुसरा संच ठेवा. चुकलेल्या मुलाला बाजूला घेऊन तेच गणित मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. मिनिटभरात कुठे अडतंय ते कळतं. नुसते बरोबर-चूक गुण मांडले तर काही कळत नाही.

उपाय. वजाबाकीसाठी खराट्याच्या शंभर-सव्वाशे काड्या सारख्या मापाच्या तोडा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. ‘यातून ३७ मला दे.’ तीन गठ्ठे देता येतात, सुट्या सात देता येत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडावाच लागतो. गठ्ठा सुटला त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ चे १२ झाले पाहिजेत. इथेच बहुतेक ठिकाणी माशी शिंकते: सोमवारी काड्यांचा खेळ, मंगळवारी फळ्यावर उदाहरणं, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. काडी आणि आकडा सोबत चालले पाहिजेत. तीन-चार दिवस काड्या, मग वहीत उभ्या रेघा नि टिंबं, मग नुसते आकडे.

भागाकाराला खेळातल्या नोटा. शंभराच्या आठ, दहाच्या दोन, रुपयाची चार नाणी, आठ मुलांत वाटा. शंभराची एकेक गेली. दहाच्या दोन आठ जणांत वाटता येत नाहीत, म्हणून दहाच्या घरात शून्य. त्या मोडून वीस सुटे, आधीचे चार, चोवीस, प्रत्येकी तीन. १०३. एकदा हे हाताने केलेलं मूल १३ लिहिताना निदान थांबतं.

पाढे पाठ आहेत असं सगळे सांगतील. ‘आठ साते?’ असं मधूनच विचारा. आठ एके आठपासून गाडी सुटली तर तो पाढा नाही, गाणं आहे. पाढ्याचा एकेक प्रश्न लिहिलेले पंधरा पत्ते उलटसुलट करून विचारा, रोज पाच मिनिटं. सध्या दहापर्यंतचे पुरेत, एकोणतीसच्या पाढ्याचा हट्ट नको.

---

शतक_तक्ता

वरच्या प्रतिसादात एक भर. हे सगळं करण्याआधी मुलांना संख्या ऐकून लिहिता येतात का ते बघा. सातवीत हे विचारायला लाज वाटते, म्हणून कोणी विचारत नाही.

त्रेपन्न ऐकताना आधी तीन ऐकू येतं, लिहिताना आधी पाच लिहायचे असतात. त्यामुळे ३५ लिहिणारी मुलं तिसरी-चौथीत सर्रास सापडतात. एकोणसत्तर त्याहून वाईट: सत्तर ऐकू आलं म्हणून ७९ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोडपद्धत आणली त्यामागे हेच कारण होतं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ते जीव तोडून सांगत होत्या आणि आपण सगळे त्यावर विनोद करत होतो. जुनी नावं काढून टाकायला माझाही विरोधच आहे, बाजारात त्रेसष्टच चालणार. पण शिकवताना ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असं दोन्ही म्हणून घ्यायला कोणाची हरकत आहे?

वीस संख्यांचं श्रुतलेखन घ्या. त्यात २९, ३९, ५३, ६९, ७९, ८९ आणि १०७, ३०५, १०१० हव्यातच. एकशे सात १००७ असं लिहिणारं मूल सापडलं तर भागाकार बाजूला ठेवा, आधी हे.

---

पुरवणी_जोडली

आता ‘परीक्षा बंद केल्या’ या आवडत्या मुद्द्याकडे येतो. त्यात अर्धं तथ्य आहे, पण चुकीचं अर्धं सगळ्यांच्या तोंडी आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने आठवीपर्यंत नापास करायला बंदी घातली, मूल्यमापनाला नाही. उलट सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सक्तीचं केलं. आपल्याकडे त्याची वाटणी अशी झाली: पहिली-दुसरीला आकारिक (वर्गात चालता चालता होणारं) ७० आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं येतं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात उपक्रम आणि प्रकल्पाचे गुण सरसकट पडतात, कारण कमी दिले तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं आणि शिवाय उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मागे पडलेल्याला पुन्हा शिकवणं, केल्याची नोंद दाखवावी लागते. मग सातवीत ४० पैकी ३६ आणि ६० पैकी ३८ असे ७४ होतात, आणि भागाकार न येता ‘ब-१’ पडतो. श्रेणी खोटी नाही म्हणायला हरकत नाही, फक्त तिचा भागाकाराशी संबंध नाही.

हाच खेळ दहावीला मोठ्या पटावर दिसला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण २०१९ च्या परीक्षेला काढून घेतले. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० मध्ये ९५.३० टक्के. एका वर्षात मुलं ढ झाली नि पुढच्या वर्षी हुशार झाली असं कोणी म्हणणार नाही. त्यामुळे ‘निकाल वाढला म्हणजे दर्जा वाढला’ हेही खोटं आणि ‘निकाल पडला म्हणजे दर्जा पडला’ हेही.

आता पुन्हा नापास करण्याबद्दल. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, त्यानंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तरीही नापास तर त्याच वर्गात. पण हातचा दुसरीत निसटलेल्या मुलाला पाचवीत पकडून तोच पाचवीचा अभ्यासक्रम दुसऱ्यांदा वाचून दाखवण्याने काय साधणार? पुन्हा बसवलेल्या वर्षात दुसरीचं शिकवायची सोय हवी, ती त्या नियमात आपोआप येत नाही.

आणि ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. पूर्वी चौथीत वाचता न येणारं मूल कुठे जायचं? गुरांमागे किंवा शेतावर. वर्गात उरलेल्यांचीच सरासरी आपण आठवतो. दर्जा सलग घसरतोय असं आकडेही सांगत नाहीत. मुलांना वाचन-गणित किती येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुलं २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ३८.५, आणि २०२४ मध्ये पुन्हा ४४.८. शाळा बंद असतानाचा खड्डा भरून निघाला, पण निम्म्याहून अधिक मुलं आधीपासूनच बाहेर होती आणि आजही आहेत. पालक_सातवी, तुमच्या वर्गातली मुलं त्या बंद शाळांच्या काळात पहिली-दुसरी-तिसरीत असतील तर तेही हिशेबात धरा. हातचा, जोडाक्षरं, पाढे, सगळं त्याच वर्षांतलं.

---

स्पष्टवक्ता७७

एवढं पाल्हाळ कशाला? मोबाइल काढून घ्या, दोन महिन्यांत फरक दिसेल.

---

पुरवणी_जोडली

मोबाइल काढून घ्याच, झोप तरी पूर्ण होईल. पण ८२४ ÷ ८ = १३ ही चूक भारतात मोबाइल यायच्या आधीच्या वह्यांतही अशीच आहे. मोबाइल काढून घेतल्यावर त्या मोकळ्या तासात शिकवणार कोण आणि काय, एवढंच सांगा.

---

रफार

गणितावर बरंच झालं. मी वाचनापुरते लिहितो.

‘खडाखडा वाचतात पण कळत नाही’ यात दोन वेगळ्या प्रकारची मुले असतात आणि त्यांना एकच उपाय करून चालत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. मुलाने कधीही न पाहिलेला शंभरेक शब्दांचा उतारा द्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा: एक उत्तर सरळ उताऱ्यात असलेला, एक दोन वाक्ये जोडून काढायचा, आणि एक ‘तुझ्या शब्दांत सांग’ असा. मग तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न परत विचारा. ऐकल्यावर उत्तरे आली तर भाषा कळते, अडचण अक्षरे उलगडण्यात आहे. ऐकूनही आली नाहीत तर अडचण भाषेची आणि शब्दसंग्रहाची आहे.

पहिल्या प्रकारची मुले वाचताना अंदाज मारतात. शब्दाचे पहिले अक्षर बघून ओळखीचा शब्द ठोकून देतात: ‘पावसाने’ असेल तिथे ‘पाऊस’, ‘करणार’ असेल तिथे ‘करतो’. मराठीत अर्थाचा अर्धा कारभार प्रत्ययात असतो, तो गिळला की वाक्य हातातून गेले. जोडाक्षरे हा दुसरा खड्डा. एकट्या ‘र’ची रूपे बघा: ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’मधली तिरकी रेघ, ‘ट्रक’मधले खालचे टोक, ‘वाऱ्या’तला अर्धा र, आणि त्यात ‘कृ’ची भर. पुस्तकात ही रूपे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेली येतात, पण एकत्र समोरासमोर ठेवून शिकवली जात नाहीत. आठवडाभर रोज दहा मिनिटे फक्त हीच पाच रूपे, प्रत्येकाचे आठ-दहा शब्द, वाचायचे आणि लगेच श्रुतलेखन. ‘पर्व’ आणि ‘प्रव’ यांतला फरक मुलाने स्वतः सांगितला पाहिजे.

वेगाबद्दल एक सावधगिरी. पायाभूत वाचन आणि अंकगणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात (५ जुलै २०२१ ला सुरू झाले) तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द असा मापदंड आहे. मराठीत ‘शाळेतल्यासारखेच’ हासुद्धा एकच शब्द मोजला जातो. घड्याळ लावून शब्द मोजत बसलात तर मुले प्रत्यय गिळायला आणखी शिकतात. वेग मोजा, पण चुकलेले शब्द वजा करून, आणि प्रश्नांची उत्तरे आली तरच तो धरा.

दुसऱ्या प्रकारच्या मुलांत बहुधा घरची भाषा वेगळी असते. नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला जवळपास परकी असते. कोरकू तर वेगळ्याच भाषाकुळातली. त्याला पहिल्या दिवसापासून ‘अ’ अननसाचा शिकवला तर अक्षर ओळखून तो शब्द वाचेल, पण त्या शब्दाने मनात काही उभे राहणार नाही. अशा वर्गात पहिले काही महिने बोलण्याचे काम जास्त हवे: चित्रावर गप्पा, घरच्या भाषेतला शब्द आणि शाळेतला शब्द शेजारी शेजारी भिंतीवर, गोष्ट आधी त्याच्या भाषेत.

सेमी इंग्रजीच्या वर्गांत हाच प्रकार मराठी घरांतल्या मुलांवर आपण स्वतः ओढवून घेतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीत. आकडेमोड जमते, शाब्दिक उदाहरण आले की हात वर. शिक्षक तेच उदाहरण मराठीत सांगतात, मुले सोडवतात, सगळे खूश. परीक्षेत मराठीत सांगायला कोणी नसते. सेमी काढा असे मी म्हणत नाही, पालक ऐकणारही नाहीत. निदान प्रत्येक प्रकरणाचे दहा-पंधरा कळीचे शब्द दोन्ही भाषांत वहीच्या शेवटच्या पानावर हवेत आणि उदाहरण सोडवण्याआधी मुलाने ते स्वतःच्या मराठीत बोलून दाखवावे.

बाकी लेखनाबद्दल एकच. प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहायची आणि मुलांनी उतरवायची, या कामात वर्गाचा फार वेळ जातो. वह्या सुंदर भरतात. तपासणीला आलेले अधिकारी वह्याच बघतात. रोज स्वतःच्या मनाने पाच वाक्ये लिहिणे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, याला त्यातला निम्मा वेळ दिला तरी फरक पडतो.

---

दुशिक्षकी

सगळं पटलं, पण हे करणार कोण आणि कधी? कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, साठपर्यंत पट असेल तर दोन. म्हणजे पहिली ते चौथीच्या चाळीस पटाच्या शाळेत दोघंच, चार वर्ग. एक गुरुजी पहिली-दुसरीला, एक तिसरी-चौथीला. त्यातले एक मुख्याध्यापकाचंही काम बघणार: यू-डायस (शाळेची माहिती भरायची सरकारी प्रणाली), पोषण आहाराच्या नोंदी, आधार जुळवणी, ऑनलाइन माहिती ‘आज चार वाजेपर्यंत’. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात, पण निवडणूक या एका शब्दात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, वर्षभराचं काम मावतं. पोर्टलवर माहिती भरणं तर ‘शैक्षणिक’ कामच धरतात. ज्या दिवशी एक जण केंद्रावर बैठकीला जातो त्या दिवशी चारही वर्ग एकाकडे. त्या दिवशी शिकवलं जात नाही, सांभाळलं जातं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी वेगळं. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्याकडे निघतात ती एप्रिलच्या आसपास परततात. दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम त्या मुलाच्या आयुष्यात घडतच नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पुस्तक पुढचं हातात पडतं. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर मूल गावात राहतं, पण ते कुटुंबं निघण्याआधी सुरू व्हायला हवं. पंधरा दिवस उशीर झाला की मुलं गेलेली असतात. समितीने त्याचा ठराव सप्टेंबरातच करून पाठवायचा असतो.

पालक_सातवी, तुमची शाळा सातवीपर्यंत आहे म्हणजे चार-पाच शिक्षक असावेत. तिथे जमण्यासारखी एक गोष्ट आहे: दिवसातला एक तास इयत्ता विसरायच्या. तिसरी ते सातवीची सगळी मुलं पातळीप्रमाणे बसवायची. या पद्धतीचं मूळ आपल्याकडचंच आहे. मुंबईत १९९० च्या दशकात ‘प्रथम’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी योजना चालवली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन वस्तीतलीच शिकलेली मुलगी त्यांना वाचन आणि अंकगणित शिकवायची. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले बॅनर्जी आणि डुफ्लो यांनी मुंबई-बडोद्यात त्याच योजनेचा अभ्यास केला होता आणि मुलांत सुधारणा दिसली होती. बाहेरून महागडं काही आणायची गरज नाही.

तास कुठला, हे महत्त्वाचं. परिपाठ संपल्याबरोबर लावा. खिचडीनंतर ठेवला तर मुलं पेंगतात, आणि शेवटचा ठेवला तर क्रीडास्पर्धा, मिरवणूक, बैठक यांत तोच आधी जातो. गट तीन पुरेत. सातवीचा मुलगा तिसरीच्या मुलीशेजारी बसायला लाजतो, ते खरं आहे. त्याला काड्यांचा गट चालवायला द्या, गठ्ठे सोडायला लावा. दाखवता दाखवता तो स्वतः शिकतो आणि अब्रूही राहते.

---

पालक_सातवी

मंडळी, भरघोस मिळालं, आभार. दोन शंका. समिती म्हणून शिक्षकांकडे काय मागायचं, की जेणेकरून ते तपासणी समजून बिथरणार नाहीत? आणि घरी पालकांनी काय करावं? बऱ्याच आयांचं स्वतःचंच शिक्षण चौथी-पाचवीपर्यंत आहे.

---

हातचा_एक

समितीने गुण मागूच नका. एका पानाचा तक्ता मागा. उभ्या ओळीत इयत्ता, आडव्या रकान्यांत वाचनाच्या पाच पायऱ्या (अक्षरही नाही, अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट) आणि गणिताच्या पाच (एक अंकी संख्या ओळख, दोन अंकी, हातच्याची वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, तीन अंकी भागाकार). घरात फक्त किती मुलं ते लिहायचं. मुलांची नावं नकोत, ती वर्गशिक्षकाकडेच राहू देत. नाव फुटलं की पालक मुलाला बडवतात आणि पुढच्या वेळी शिक्षक सगळ्यांना वरच्या पायरीवर चढवून मोकळे होतात. पहिल्या तक्त्यावरून कोणालाही जाब विचारायचा नाही, हा ठराव आधी इतिवृत्तात घ्या. जाब विचारायचाच तर दुसऱ्या तक्त्यावर, सहा आठवड्यांनी, तोही पायरी चढलेल्यांचा: अमुक इतके वजाबाकीवर होते, त्यांतले किती पुढे सरकले.

उताऱ्याचे चार वेगळे नमुने करा. एकच असेल तर पाचवं मूल दाराबाहेर ऐकून आलेलं असतं आणि सहावं तोंडपाठ म्हणून दाखवतं. मुलं निवडायची नाहीत, हजर असतील ती सगळी. गैरहजर असलेली मुलं दुसऱ्या दिवशी आवर्जून बघा, कारण मागे पडलेली बरीचशी त्यांतच असतात.

घरचं काम वीस मिनिटांच्या वर नको. आईला वाचता येत असेल-नसेल, मुलाने रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि ‘काय झालं सांग’ एवढंच आईने विचारायचं. गोष्ट ऐकून कळली की नाही हे ठरवायला शिक्षण लागत नाही. वाचायला पाठ्यपुस्तक नको, शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली गोष्टींची पुस्तकं घरी द्यायला लावा. फाटतील, फाटू देत. उरलेली दहा मिनिटं हिशेबाची: किराण्याचं बिल, एसटीच्या तिकिटाचे परत आलेले पैसे, दुधाचा महिन्याचा हिशेब. रोज दीड लिटर, लिटरला पन्नास रुपये, तीन दिवस खाडा, महिना तीसचा, किती द्यायचे? आधी अंदाज बोलायचा, मग कागदावर. (२०२५ येतात. अंदाज दोन हजारांच्या आसपास नसेल तर कागद घ्यायच्या आधी थांबवा.)

गाईड असेल तर ते परीक्षेपर्यंत माळ्यावर.

---

दुशिक्षकी

दुसरा तक्ता सहामाही परीक्षेच्या आठवड्यात लावू नका, शिक्षक पेपर तपासण्यात असतात आणि आकडे अंदाजाने भरले जातात. परीक्षेच्या आधीचा आठवडा धरा, आणि निम्मे उतारे समितीतल्या दोघांनी स्वतः बसून ऐका.